साबूच्या आजारपणाचा अनुभव: आधी पाणी तपासणारं क्लिनिक

आमचा पाण्यात राहणारा पाळीव प्राणी साबू आजारी पडला म्हणून या प्राण्यांच्या क्लिनिकला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने प्राण्याचं वय, नाव काही विचारायच्या आधी विचारलं की आत्ता पाण्याचं तापमान किती आहे. मी म्हणलं माहीत नाही, थर्मामीटर नाहीये आमच्याकडे. तर ती म्हणाली ठीके, येताना दोन बाटल्या घेऊन या, एकीत टाकीतलं पाणी आणि दुसरीत तुम्ही टाकीत जे ताजं पाणी भरता ते, आणि बाटल्या पिण्याच्या पाण्याच्याच घ्या, साबणाच्या किंवा कोल्ड्रिंकच्या नको. मला तेव्हाच वाटलं की आपण बरोबर ठिकाणी फोन केलाय, कारण त्याच्या आधीच्या तीन दिवसांत मी ज्याला ज्याला विचारलं त्यातल्या एकानेही पाण्याचं नाव काढलं नव्हतं, सगळे औषधाचं नाव सांगत होते.

आमच्याकडे अ‍ॅक्झोलॉटल आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मासा नाही, सॅलमँडरच्या जातीतला उभयचर आहे, म्हणजे बेडकाचा लांबचा नातेवाईक, फक्त हा आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि डोक्यामागचे ते पिसांसारखे कल्ले मोठेपणीही तसेच ठेवतो. जसं काही बेडूकमासा मोठा झाला पण बेडूक व्हायचं विसरला. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, तिथलं पाणी बारा महिने गार. आमचा पांढरा-गुलाबी आहे, काळ्या डोळ्यांचा, म्हणून मुलीने नाव ठेवलं साबुदाणा आणि आता सगळे साबू म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ओवी नऊ वर्षांची असताना घेतला. सासूबाई पहिला महिनाभर त्याला मासा म्हणायच्या, मग एक दिवस त्याने पुढच्या पायाची चार बोटं काचेला लावली तेव्हापासून त्याही साबू म्हणायला लागल्या.

तर एप्रिलच्या शेवटी, पुण्यात दुपारी चाळीसच्या आसपास जात होतं तेव्हा, साबूने खाणं कमी केलं. मग कल्ले पुढच्या बाजूला वळायला लागले, शेपटीचं टोक हुकासारखं वाकलं, आणि एका सकाळी उजवीकडच्या कल्ल्यावर कापसाचा बोळा लावल्यासारखं पांढरं काहीतरी दिसलं. ओवी शाळेत जायलाच तयार नव्हती. मी ज्या दुकानातून टाकी घेतली होती तिथे फोटो पाठवला, त्यांनी लगेच हिरव्या रंगाची एक बाटली दिली, म्हणाले फंगस आहे, दहा थेंब टाका, दोन दिवसांत जाईल. नशिबाने ती बाटली मी उघडली नाही, कारण त्यावर फक्त माशाचं चित्र होतं आणि आत काय आहे ते नीट लिहिलेलंच नव्हतं. मग घराजवळच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नेलं, तिथले डॉक्टर सज्जन होते, त्यांनी सरळ सांगितलं की मला यातलं कळत नाही आणि मी अंदाजाने औषध देणार नाही, तुम्ही एक्झॉटिकवाल्यांकडे जा, म्हणजे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळे पाळीव प्राणी बघणाऱ्यांकडे. ते म्हणाले तेही मोठं काम केलं त्यांनी. या क्लिनिकचा नंबर मला तिथूनच मिळाला.

फोनवर नेण्याची पद्धतही सांगितली. टाकी उचलून आणायची नाही, झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात त्याच टाकीचं पाणी, डबा थर्माकोलच्या खोक्यात आणि खोक्याच्या कडेला टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गोठवलेल्या बाटल्या, बर्फ थेट पाण्यात नाही. आम्ही सकाळी नऊची अपॉइंटमेंट घेतली, उन्हं वर यायच्या आत, आणि एसी लावलेल्या कॅबमधून गेलो. सासूबाई पण आल्या, म्हणाल्या खोकं मी मांडीवर धरते, तुम्ही धक्के खाऊ द्याल.

आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी साबूकडे एक मिनिटभर नुसतं बघितलं, डब्याचं झाकण काढून, हात न लावता, आणि मग त्याला तसंच ठेवून आधी दोन्ही बाटल्या घेतल्या. मला खरं सांगायचं तर थोडा राग आला होता, म्हणलं पेशंट इथे आहे आणि या पाण्याशी काय खेळतायत. छोट्या नळ्यांमध्ये थेंब टाकून रंग बघत होत्या. पाच-सात मिनिटांनी त्यांनी ओवीलाच जवळ बोलावलं आणि नळी कार्डाशेजारी धरून विचारलं, हा रंग कुठल्या चौकोनाशी जुळतो सांग. तो अमोनिया होता, म्हणजे प्राण्याच्या अंगातून निघालेल्या घाणीने पाण्यात साठणारं विष, एक पीपीएम, दहा लाख भागांत एक भाग. असायला पाहिजे शून्य. दुसऱ्या टेस्टमध्ये पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, जवळपास नव्हताच.

मग प्रश्न सुरू झाले आणि एकेक गोष्ट बाहेर आली. आम्ही टाकीत आरओचं पाणी भरायचो, लाडाने, आपण पितो तेच त्याला. मॅडमनी समजावलं की या प्राण्याची कातडी म्हणजे भिंत नाही, चाळणी आहे. तो कातडीतून श्वास घेतो, पाणी घेतो, क्षारांची देवाणघेवाण करतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, त्यामुळे अंगातले क्षार बाहेर जात राहतात, पाणी आत शिरत राहतं आणि ते बाहेर टाकायला किडनी रात्रंदिवस राबत बसते. प्रयोगशाळांमध्ये अ‍ॅक्झोलॉटल ठेवतात तिथे तर पाण्यात मुद्दाम मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजून घालतात. मी दोन वर्षं ज्याला शुद्ध समजत होते ते त्याच्यासाठी उपाशी पाणी होतं.

दुसरी गोष्ट फिल्टर. मी एप्रिलमध्ये फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ धुतला होता, अगदी पांढरा होईपर्यंत. त्या स्पंजमध्ये जे जिवाणू राहतात तेच अमोनिया खाऊन टाकतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मेले. स्पंज धुवायचा तर टाकीतलंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात हलका पिळायचा. त्यात एका गुरुवारी आमच्याकडे पाच तास लाइट नव्हती, फिल्टर बंद, जे काही जिवाणू उरले होते तेही गेले असणार.

आणि तिसरी गोष्ट जी मला स्वतःहून कधीच कळली नसती. साबू बिघडलेला दिसल्यावर आम्ही शुक्रवारी घाईघाईने अर्धं पाणी बदललं, आरओ पुरेसं साठलं नव्हतं म्हणून नळाचं, आणि त्यानंतर तो अजूनच गळून गेला. मॅडम म्हणाल्या क्लोरीनचा त्रास तर आहेच, पण पाण्याचा पीएच कमी असतो, म्हणजे पाणी आम्लाच्या बाजूला झुकलेलं असतं, तेव्हा अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात पडून असतो, अचानक नळाचं पाणी आलं, पीएच वर गेला, की तोच अमोनिया जहाल होतो, आणि पाणी जितकं गरम तितका जास्त. आमचं पाणी सत्तावीस डिग्री होतं. त्याला हवं सोळा ते अठरा. म्हणजे आम्ही मदत करायला गेलो आणि नेमकं उलटं झालं, हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं, तर त्यांनी एकच वाक्य सांगितलं की तुम्ही बाटल्या आणल्या म्हणून हे कळलं, आता ते नीट करता येईल.

तो कापूस म्हणजे सॅप्रोलेग्निया नावाची पाण्यातली बुरशी. ती सगळीकडेच असते, धडधाकट कातडीवर तिला जागा मिळत नाही, भाजलेल्या, सोललेल्या भागावर बसते. अमोनियाने कल्ले भाजले होते, त्यावर ती आली. म्हणून नुसती बुरशी मारून उपयोग नव्हता, पाणी तसंच राहिलं असतं तर आठवड्यात परत आली असती.

तपासणी कशी केली ते सविस्तर लिहिते कारण त्यावरूनच कळतं की समोरच्याला उभयचर हाताळता येतात का. पावडर नसलेले ग्लोव्ह्ज घातले आणि ते साबूच्या पाण्यासारख्याच गार केलेल्या पाण्यात भिजवले, मगच हात लावला. आपल्या हाताची ऊबसुद्धा त्याला चटका असते आणि हातावरचं क्रीम, सॅनिटायझर सगळं कातडीतून आत जातं. ओवीच्या हाताला मच्छरांचं क्रीम होतं, तिला आधी हात धुवून यायला लावलं. वजन पाण्यासकट डब्यात केलं, आधी डब्याचं आणि पाण्याचं शून्य करून, ९६ ग्रॅम भरलं. बुरशीचा छोटासा पुंजका चिमट्याने काढून काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपमध्ये ओवीला दाखवला, जाड जाड दोऱ्यांचं जाळं आणि काही दोऱ्यांच्या टोकाला गदेसारखा फुगवटा, त्यातून बीजाणू पोहत बाहेर पडतात. ओवीने त्याचं चित्र वहीत काढलंय आणि खाली तारीख टाकलीय. ती तिथे पंधरा मिनिटं होती त्या टेबलापाशी, कुणी तिला बाजूला हो म्हणलं नाही, यासाठी मला त्यांचे वेगळे आभार मानायचेत.

एक्स-रे पण काढला. मला वाटलं उगाच बिल वाढवतायत, पण टाकीत तळाला रंगीत खडे आहेत हे ऐकल्यावर त्यांनी काढायलाच लावला, कारण अ‍ॅक्झोलॉटल खाताना तोंड उघडून पाण्यासकट सगळं आत ओढून घेतो, त्याला चावून निवडता येत नाही. पोटात एक खडा होता, वाटाण्याएवढा. त्यांनी सांगितलं की आतडं अडलेलं दिसत नाहीये, गार पाण्यात उपाशी ठेवून सहा-सात दिवस वाट बघू, ऑपरेशनला घाई नको. सहाव्या दिवशी सकाळी खडा टबच्या तळाशी पडलेला मिळाला. सासूबाईंनी तो धुवून देवघराच्या कोनाड्यात ठेवलाय, अजून आहे. रंगीत खडे सगळे फेकून दिले, आता तळ मोकळा आहे.

उपचार म्हणाल तर पहिल्या दिवसापासून साबू टाकीच्या बाहेर, दहा लिटरच्या टबमध्ये, रोज पूर्ण पाणी बदल. पाणी नळाचं, पण क्लोरीन काढायचे थेंब घालून आणि आधी गार करून. टब गार ठेवायला घरातली फरशीवरची अंधारी जागा, ओला टॉवेल आणि कडेने बाटल्या, दर तीन तासांनी तापमान लिहायचं. एकदम दहा डिग्री खाली आणायचं नाही, दोन दिवसांत हळूहळू उतरवायचं. मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या निळ्या औषधाची थोड्या वेळाची आंघोळ वेगळ्या भांड्यात, टाकीत नाही, कारण ते औषध फिल्टरचे चांगले जिवाणूपण मारतं. कल्ल्याच्या मुळाशी लाली होती म्हणून अँटिबायोटिकची तीन इंजेक्शनं, दर तिसऱ्या दिवशी एक, तिथेच जाऊन. ती पुढच्या पायात दिली. मी विचारलं मागच्या पायात मांस जास्त आहे ना, तर म्हणाल्या मागच्या पायातलं रक्त आधी किडनीकडून जातं, त्यामुळे औषध पूर्ण अंगात पोचायच्या आधीच निघून जाऊ शकतं आणि किडनीलाही त्रास. औषधांचे डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, ते वजनावर असतात आणि कातडीतून किती शोषलं जाईल त्यावर, कृपया कोणी माझ्या पोस्टवरून काही मोजू नका.

ती हिरवी बाटली मी दाखवायला नेली होती. मॅडमनी वास घेतला, दोन थेंब टिश्यूवर टाकून बघितले आणि सांगितलं हे बहुतेक मॅलकाइट ग्रीन आहे, माशांना चालवतात पण याच्या कातडीला ते झेपत नाही, तांब्याची औषधंपण तशीच, माशांच्या दुकानातलं कुठलंही औषध आतलं नाव वाचल्याशिवाय टाकू नका. मिठाच्या आंघोळीबद्दलपण विचारलं कारण नेटवर सगळे तेच सांगतात. त्या म्हणाल्या काम करते, पण कल्ले आधीच भाजलेत, जखमेवर मीठ कशाला.

आणि बदामाची पानं. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा असा फुलला. आपल्याकडे रस्तोरस्ती जो देशी बदाम असतो, मोठ्या पानांचा, ज्याची फळं आम्ही लहानपणी दगडाने फोडून खायचो, त्याची वाळून आपोआप पडलेली तपकिरी पानं टबमध्ये टाकायची. पाणी चहासारखं होतं आणि त्यातल्या टॅनिनने बुरशीला थोडा आळा बसतो, कातडीला आराम पडतो. अट एवढीच की झाड वाहत्या रस्त्यावरचं नको आणि त्याखाली औषधफवारणी झालेली नको. सासूबाई रोज सकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊन जायच्या, पानं धुवून गच्चीवर वाळवायच्या. ऑनलाइन हीच पानं दहाच्या पाकिटात पैसे देऊन मिळतात.

मॅडमनी पहिल्याच भेटीत नोंदणीचंही विचारलं. अ‍ॅक्झोलॉटल सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, त्यानंतर अशा प्राण्यांची नोंद करणं बंधनकारक आहे, त्याचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले, परिवेश या सरकारी पोर्टलवर करायची. आमची केलेली होती, कागद दाखवला. ज्यांनी केली नसेल त्यांनी उपचाराच्या भीतीने घरी बसू नका, त्या ओरडत नाहीत, माझ्यासमोर एका कॉलेजच्या मुलाला काय करायचं ते शांतपणे सांगत होत्या.

आता न आवडलेल्या गोष्टी. एक्झॉटिकची अपॉइंटमेंट आठवड्यात दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, बाकीच्या दिवशी मॅडम नसतात. रात्रीची सोय नाही. वेटिंग रूम कुत्र्या-मांजरांसोबत एकच आहे, आमच्या शेजारी एक भलामोठा लॅब्रेडोर सारखा खोक्याचा वास घेत होता आणि त्याच्या मालकाला काही वाटत नव्हतं, निदान उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी एक बंद कोपरा पाहिजे, गार. एसी फक्त आतल्या खोलीत आहे. मे महिन्यात बाहेर चाळीस मिनिटं थांबायला लागलं दुसऱ्या भेटीला, माझ्या बाटल्या वितळल्या, शेवटी मी रिसेप्शनला सांगितलं तेव्हा त्यांनी फ्रिजमधल्या दिल्या, पण हे मागायला लागू नये. बिल पहिल्यांदा नुसता आकडा सांगितला, मागितल्यावर फोड दिली. तपासणी ९००, मायक्रोस्कोप ४००, एक्स-रे ७००, इंजेक्शनं प्रत्येकी ३५०, पहिला फॉलोअप फ्री आणि दुसऱ्याचे ५००. एकूण ३५५० झाले. मला जास्त वाटले नाहीत, पण आधी सांगितलं तर बरं. पार्किंग नाहीच.

रोज सकाळ-संध्याकाळ फोटो आणि तापमान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं होतं, आणि उत्तर यायचं. उशिरा का होईना यायचं. चौथ्या दिवशी मी घाबरून लिहिलं की कल्ल्याची टोकं झडतायत, तर मॅडमचा स्वतःचा व्हॉइस मेसेज आला की जळालेला भाग गळतोय, खालून नवीन येईल, या प्राण्याला पाय, शेपूट, मणक्यातली मज्जासुद्धा परत आणता येते, कल्ल्याचे तंतू ही त्याच्यासाठी छोटी गोष्ट आहे, फक्त आपण पाणी सांभाळायचं. तो मेसेज घरात सगळ्यांनी दोन-दोनदा ऐकला.

शेवटचा फॉलोअप जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होता, पाऊस सुरू झालेला. त्या दिवशी एक सर्पमित्र मुलगा भलामोठा बेडूक घेऊन आला होता, तो पावसाळ्यात पिवळाधमक होतो ना तो, गवत कापायच्या मशीनने मांडी कापली गेलेली. आमचा नंबर होता पण मी म्हणलं आधी त्याला घ्या. मॅडमनी त्याला घेतलं आणि आमच्याकडे परत यायच्या आधी ग्लोव्ह्ज बदलले, टेबल ब्लीचच्या पाण्याने पुसलं, ते धुवून काढलं, साबूसाठी वेगळा ट्रे, वेगळं जाळं. ओवीने विचारलं इतकं कशाला. तेव्हा त्या काइट्रिडबद्दल बोलल्या.

ही बेडकांच्या कातडीची बुरशी, साबूला झाली होती तिच्याशी हिचा काही संबंध नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या मेलेल्या बेडकांवर ती सापडली, पुढच्या वर्षी तिचं नामकरण झालं. ती कातडीत बसते, कातडी जाड होते, सोडियम-पोटॅशियम आत-बाहेर करायचं काम थांबतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभराचा हिशोब मांडला तेव्हा उभयचरांच्या किमान ५०१ जाती तिच्यामुळे घटल्या होत्या आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं धरलं गेलं. सजीवांच्या जातींचं एवढं नुकसान दुसऱ्या कुठल्या एका रोगाने केल्याची नोंद नाही. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे, इथे अजून तसे ढीगच्या ढीग मेलेले दिसले नाहीत. अ‍ॅक्झोलॉटल अशी बुरशी अंगावर घेऊन, स्वतः फार आजारी न दिसता फिरू शकतो. म्हणजे बाहेरचा बेडूक साबूला आजार देऊ शकतो तसा साबूपण बाहेरच्या बेडकांना देऊ शकतो, आणि ते मला पहिल्यांदाच कळलं. आम्ही टाकीचं काढलेलं पाणी दोन वर्षं सोसायटीच्या बागेत ओतत होतो, झाडांना चांगलं म्हणून, आणि पावसाळ्यात त्याच बागेत बेडूक असतात. आता ते पाणी ड्रेनेजमध्ये जातं. आणि कंटाळा आला म्हणून असा प्राणी तलावात, नदीत सोडणं तर अजिबात नाही. ट्रेकला जाणाऱ्यांनाही त्यांनी सांगितलं की एका घाटातला चिखल बुटांवरून दुसऱ्या घाटात नेऊ नका, बूट घासून पूर्ण कडक वाळवा.

त्यांच्याकडे काइट्रिडची पीसीआर टेस्ट होत नाही ही एक मोठी कमी. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या नमुन्यांना नीट लागू पडेल अशी टेस्ट तयार केली आहे, पण घरच्या पाळीव प्राण्याचा स्वॅब देऊन चार दिवसांत रिपोर्ट मिळतोय अशी सोय मला पुण्यात तरी सापडली नाही. यात क्लिनिकचा दोष नाही. उभयचरांसाठी तेवढी मागणी कुणी केलीच नाही अजून, आपण मालकांनी करायला पाहिजे. माझ्यासारखे पन्नास जण विचारायला लागले तर कोणीतरी सुरू करेल.

मॅडमनी टाकीसाठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन, घ्यायला सांगितला, पंखा लावून दोन-तीन डिग्रीच उतरतं, पुण्याच्या मे महिन्यात ते पुरत नाही. आम्ही २२ हजारांचा कॉम्प्रेसरवाला घेतला, त्याला इन्व्हर्टर जोडला. खर्च मोठा आहे हे खरं, आणि मी आता कोणी विचारलं अ‍ॅक्झोलॉटल घेऊ का तर आधी चिलरचे पैसे बाजूला काढा एवढंच सांगते. दुकानदाराने आम्हाला हे सांगितलं असतं तर कदाचित आम्ही घेतलाच नसता, आणि तेही ठीकच झालं असतं. ओवीने कुठेतरी वाचलंय की सोचिमिल्कोत १९९८ ला एका चौरस किलोमीटरमागे सहा हजार अ‍ॅक्झोलॉटल होते आणि २०१४ ला फक्त ३६ उरले, ती हे प्रत्येक पाहुण्याला सांगते. मॅडमलापण सांगितलं. त्यांना माहीत असणारच, पण त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

शेवटच्या तपासणीला वजन १०८ ग्रॅम, अमोनिया शून्य, पाणी सतरा डिग्री. उजव्या कल्ल्यावर नवीन लाल तंतू आलेत, डावीकडच्यापेक्षा अजून आखूड, पण हलतात मस्त. गांडुळं दिसली की काचेशी येतो. पाचपैकी पाच स्टार दिले असते, एक वेटिंग रूमसाठी कापलाय, तो बंद कोपरा केलात की मी परत येऊन बदलेन.

जाणार असाल तर सकाळी साडेआठच्या आत फोन करा, नंतर फोन लागत नाही. अपॉइंटमेंट नऊची किंवा सव्वानऊचीच मागा. दोन बाटल्या, थर्मामीटर, टाकीचा आणि फिल्टरचा फोटो, काय खायला घालता ते लिहून, आणि आधी कुठलं औषध टाकलं असेल तर ती बाटली न लपवता सोबत न्या. हाताला क्रीम लावू नका.